गिंबल जुपून पाह्यला

घ्या चहा, हा घरचा आहे. दुकानदारानं मागवलेल्या चहाची मात्र मले शंका येते.

माही नात प्रतीक्षा लग्नाचे व्हिडिओ काढते. तिचा कॅमेरा खलबत्त्यावानी जड. फुलसावंगीच्या लग्नात तिचा हात भरून आला अन् व्हिडिओत नवरी सारखी हालली. पुन्हा असं झालं तं कोणी बोलावणार नाही, म्हणून आम्ही पुसदले गिंबल घ्याले गेलतो. गिंबल म्हणजे हात हालला तरी चित्र हालू न देणारा दांडा.

दुकानदारानं त्यावर आपला चिमुकला कॅमेरा लावून दुकानभर फिरवला. चित्र एकदम संथ.

"आजी, चहा सांगू?"

तिथंच मले शंका आली. मी म्हटलं, "बापा, रिकामी गाडी कोणताही बैल ओढते. आमचा कॅमेरा लाव."

"कायले आजी? एकच हाय सगळं."

"एकच हाय तं भेतं काहून?"

प्रतीक्षा कानात म्हणे, "आजी, चूप ना वं!"

शेवटी त्यानं लावला. आमची मोठी लेन्स चढताच गिंबलनं मान टाकली अन् थंडी वाजल्यावानी थरथराले लागला.

"बॅटरी उतरली असन."

"मंग दुसरी लाव. आम्ही बसून राह्यलो."

दुसरीवरही तेच. तवा त्यानं आतून जाडजूड गिंबल आणला. प्रतीक्षा तो घेऊन पायऱ्या चढली, उतरली. चित्र हाललं नाही.

"आता तरी भरोसा बसला, आजी?"

"गिंबलवर बसला," मी म्हटलं. "आता हाच डब्यात भर, माह्या डोळ्यासमोर. मंग सांग चहा."