हात उजळायला गेलो

आमी मूळचं शिराळ्याकडचं, गाव डोंगराच्या अंगाला, शेती थोडकी आनि भाऊ लय, म्हनून धाकट्यानं भाईर पडायचं हे ठरल्यालंच हुतं, तर तो धाकटा मी. कुपवाडला लांबचा मामा हुता, त्येनं मला एका शेडमधी नेऊन उभं केलं आनि मालकाला म्हनला, पोरगं गरीब हाय, सांगितलं तेवढं ऐकतं. तवापासनं मी लेथवर हाय. शेड बदलली, मालक बदललं, लेथ काय सुटली न्हाई. बिडाचं काम, म्हंजी ओतीव लोखंडाचं, पंपाचं भाग असत्यात ते कातायचं. बीड कातलं की काळी पूड पडती, बारीक, पिठावानी, ती हाताच्या रेघांत जाती, नखाच्या कडंला बसती, आनि काय सांगू तुमाला, एकदा बसली की बसली. रॉकेलनं धुवा, डिझेलनं धुवा, कपड्याच्या पावडरनं धुवा. वरचं निघतं, आतलं न्हाई.

तुमी लिहून घेताय तर खरं लिहा. मला माज्या हाताची लाज वाटती. वाटत हुती न्हवं, वाटती. आमच्या शेडमधी कुनी भेटलं तर आमी हात देत न्हाई, मनगट पुढं करतो, समोरचा मनगट धरतो, तिथं सगळ्यांचंच तसलं हात, तिथं काय न्हाई वाटत. पन भाईर आलं की माझं हात खिशात. लग्नात पंगतीला बसलो आनि शेजारचा मानूस माज्या भातात फिरनाऱ्या बोटांकडं बघाय लागला की घास उतरायचा न्हाई, मग मी चमचा मागून घ्यायचो. माजी मंडळी, म्हंजी बायको, म्हनायची, कोन बघतंय तुमचं हात, सगळी जिलेबी बघत्यात. पोरगी शाळंत हुती तवा एकदा पालकांना बोलिवलं, मी सही केली, कागदावर अंगठ्याचा काळा ठसा उठला, बाईंनी तो कागद दुसऱ्या कागदाखाली सरकिवला. त्यानंतर शाळंत मंडळीच जायची.

ती पोरगी म्हंजी सुप्रिया, आमची एकुलती एक. तिला ह्या अंगाला लावायच्या गोष्टींचं लय वेड. सांगलीत पार्लरचा कोर्स केला, तिथंच कामाला लागली, आनि घरी आली की सैपाकघरात तिचं सुरू. मसुरीची डाळ मिक्सरला जाडसर काढायची, तांदळाची पिठी, संत्र्याची सालं पत्र्यावर वाळत घालायची, दुधावरची साय बाजूला काढून ठिवायची. मंडळी वरडायची, डाळ खायाला आनलीया का अंगाला फासायला, आनि साय गेली तर तूप कशाचं करू. सुप्री म्हनायची, आई, तू दिवाळीला उटणं लावतीस ते काय येगळं हाय का, हे त्यातलंच, फक्त ह्याला आता स्क्रब म्हनत्यात. मग लहान लहान बरण्या भरायची, गल्लीतल्या बायका घिऊन जायच्या. कुनाच्या कोपराला काळं, कुनाच्या टाचंला भेगा. प्रत्येकीला बजावून सांगायची, हलक्या हातानं फिरवा, रगडू नका, लिंबू घातल्यालं लावून उन्हात जाऊ नका. तिच्या कामात तिचं असं चोख असायचं.

मग तिचं स्थळ आलं. माज्या मेव्हन्यानं आनलं, साताऱ्याकडचं, कोरेगावच्या बाजूचं गाव, ऊसवालं घर, पोरगा मिलिटरीत. पोरगी बघायला यायचं ठरलं. घराची काळजी न्हवती, पोरीची तर न्हवतीच. मला आपलं दिसायचं की मी त्या मिलिटरीवाल्याच्या बापाला हात देतोय, आनि पुढं जमलंच तर कन्यादानाला सगळा मांडव माज्या वंजळीकडं बघतोय.

सुप्रीनं न सांगताच वळखलं. एका संध्याकाळी म्हनली, पप्पा, बसा हितं. मला वट्यावर बसिवलं, आपन खाली बसली. बारीक साखर घेतली, त्यात खोबरेल, वरनं चार थेंब लिंबू, आनि माझं हात मांडीवर घिऊन चोळाय लागली, एकेक बोट, एकेक रेघ. मला कसंतरीच झालं. लहानपनी मी तिचं पाय चोळायचो तेल लावून, आता ती माझं हात धरून बसलीया आनि येनारी-जानारी बघत्यात. मी म्हनलं, ऱ्हाऊ दे, मी करतो. ती म्हनली, तुमी रगडता. रोज संध्याकाळी असं चाललं. हात मऊ झालं, जरा उजळलंबी, पन रेघा काळ्याच. ती म्हनली, एवढं बास पप्पा, कामाचं हात हाईत, दिसू द्यात की. मी हूं म्हनलं.

पन माजं मन काय बसंना. पावनं यायच्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आदी उठलो, मोरीत कडी लावली, तिची साखर घेतली, लिंबाच्या फोडी पिळल्या, खायाचा सोडा घातला, मीठ घातलं, आनि नारळाच्या काथ्यानं रगाडलं. आग हुईत हुती. मला वाटलं आग हुतीया म्हंजी निघतंय. कामात माजं असंच, एखादा भाग बसंना तर अजून जरा काततो. हात धुतलं तवा जागोजागी सालपाटं निघाल्याली, मदी गुलाबी, कडंला काळं, कुठं पांढरं पडल्यालं. सुप्रीनं बघितलं आनि ती भिंतीला टेकून उभी ऱ्हायली. म्हनली, पप्पा, हे काय केलं ओ. साय आनून लावली, पन पावनं तर दारात आलं.

मी हातावर टावेल घिऊन बसलो. पोराचं वडील हात पुढं करून आलं, मी टावेलातनंच नमस्कार केला. टिळा लावायची येळ आली तर मेव्हन्याला पुढं केलं. सगळं बरं चाल्लं हुतं, सुप्री बोलली चांगली, पोरगाबी हसतमुख. आनि चहा आला. कप घेताना टावेल घसरला. पोराच्या वडलांनी माज्या हाताकडं बघितलं, मग माज्या तोंडाकडं बघितलं, मग कपात बघाय लागलं. जाताना कळवतो म्हनलं आनि गेलं.

आठवडा झाला तरी कळवलं न्हाई. मग मेव्हन्याचा फोन आला. म्हनला, दाजी, राग मानू नका, पन ते इचारत्यात, तुमच्या घरात कुनाला कोड हाय का. कोड म्हंजी अंगावर पांढरं डाग पडत्यात ते. माजं डोस्कंच फिरलं. आनि तिकडं गल्लीत दुसरंच सुरू झाल्यालं, की सुप्रीच्या त्या स्क्रबानं तिच्या बापाचंच हात जळलं. शेजारनीनं घेतल्याली बरणी गुमान आनून आमच्या खिडकीत ठिवली. म्हंजी बघा, गप बसलो तर पोरीचं लगीन मोडतंय, आनि साखरंनं झालं म्हनलो तर पोरीचं काम बुडतंय. एकच गोष्ट सांगायसारखी हुती, की मला माज्या हाताची लाज वाटली म्हनून मी कातडं सोलून घेतलं. सुप्री म्हनली, फोनवर सांगा की पप्पा एवढंच, त्यात काय हाय. मी म्हनलं, फोनवर न्हाई, मी समक्ष जातो.

गेलो. एकटाच, यष्टीनं. जाईपातूर माझं हात पुन्ना कामाला लागून काळं झालतं, सालपाटं भरून आलती. वाटंत सगळं मनात जुळवत गेलो. त्यांच्या सोप्यात, म्हंजी भाईरच्या खोलीत, बसलो, पोराचं वडील हुतं, आई हुती. आनि मी खांद्यावरचा टावेल बाजूला ठिवला, दोनी हात पुढं केलं आनि सुरू झालो. म्हनलं, बघा, हे काळं हाय, बिडाचं हाय, कामाचं हाय. मला लाज वाटली म्हनून घासलं, त्यानं तसं झालतं. पोरीची काय चूक न्हाई. हितपर्यंत ठीक हुतं बघा. हितं थांबायला पायजे हुतं. पन मनातला राग निघाला, आनि आवाज चढला माजा. म्हनलं, कोड इचारता व्हय आमाला, आमच्या सात पिढ्यांत असलं काय न्हाई, आमचं रगत निर्मळ हाय, असली घान आमच्या घरात न्हाई.

घान म्हनलो मी. ह्याच तोंडानं.

तवाच आतनं पोराची भैन चहा घिऊन आली. रेखा नाव तिचं. ट्रेवर वढनी घातल्याली आनि वढनीखाली हात. ट्रे ठिवताना वढनी सरली. दोनी हात पांढरं, मनगटाच्या वर पातूर, एक डाग गळ्याला. आमच्याकडं आलते तवा तिला घरीच ठिवली हुती. तिनं सगळं ऐकल्यालं. माज्या पुढं कप ठिवला, आनि म्हनली, काका, आता आग हुतीया का हाताची. मी न्हाई म्हनून मान हालिवली. ती आत गेली.

पोराचं वडील ती गेली तिकडं बघत हुतं. मग म्हनलं, पावनं, आमी वाईट मनानं न्हाई इचारलं. पोरीपायी पोराची दोन-तीन स्थळं मागं गेली. डाक्टर म्हनत्यात हे पसरत न्हाई, चिकटत न्हाई, पन लोकांना कोन सांगनार. तुमचं हात बघितलं तवा आमाला वाटलं, ह्यांच्या घरात बी हाय, हे आमाला समजून घेतील. रेखाची आई तर घरी यिऊन हसली, लय दिवसांनी. म्हनून इचारलं.

चहा प्यालो, का न्हाई प्यालो ते आठवत न्हाई. यष्टीत बसलो तर कंडाक्टर तिकीट मागत हुता आनि मला ऐकू येत न्हवतं. लाज म्हंजी काय हे मला त्या दिवशी कळलं, आदीचं सगळं पोरखेळ हुतं.

घरी सगळं सांगितलं, घान म्हनलो तेबी सांगितलं, चोरून काय ठिवलं न्हाई. मंडळी रडली. सुप्री उठून आत गेली, दोन दिस माज्याशी धड बोलली न्हाई. पन त्या मानसांचं मन मोठं, त्यांनी व्हय कळवलं, आनि सुप्री पोराशी फोनवर बोलली आनि तिनंबी व्हय म्हनलं. तारीख धरली. मला वाटलं, चला, निभावलं. तर मागल्या आठवड्यात पोराचा फोन आला सुप्रीला, की रेखा लग्नाला येत न्हाई म्हनती, घरी जनावरं बघाय कुनीतरी पायजे म्हनती. सुप्रीनं फोन ठिवला आनि माज्याकडं बघितलं. म्हनली, पप्पा, हे तुमी केलंय, तुमीच निस्तरा.

पुन्ना यष्टी, पुन्ना कोरेगाव. ह्या येळेला मनात काय जुळवलं न्हाई, जुळवून बोललो ते बघितलं हुतं. घरात ती एकटीच. दाराच्या आतनंच म्हनली, बाबा रानात गेल्यात. मी म्हनलं, तुज्याकडंच आलोय, मुराळी हाय मी, लग्नाला न्यायला आलोय. ती म्हनली, काका, मुराळी नवरीला न्यायला येतो, करवलीला कोन येतंय. मी म्हनलं, मी आलोय की. आनि पुढं म्हनायचं हुतं, पोरी, माजं चुकलं, मला माफ कर, तर ते तोंडातनं निघंना. उभाच ऱ्हायलो उंबऱ्याच्या भाईर. शेवटी निघालं ते एवढंच, की त्या दिवशी मी वंगाळ बोललो. ती म्हनली, ऐकलं मी. मग म्हनली, बसा, चहा टाकते. येते म्हनली न्हाई, येत न्हाई बी म्हनली न्हाई.

तर असं हाय. लगीन आता तोंडावर आलंय. लाज गेली का म्हनाल तर न्हाई गेली. आदी हाताची हुती, आता तोंडाची हाय, आनि तोंड काय खिशात घालता येत न्हाई. काल संध्याकाळी सुप्री फोनवर बोलत हुती, हसत हुती, मला वाटलं पोराचाच हाय. ठिवल्यावर मला म्हनली, रेखाताईंचा हुता, लग्नातला बलाऊज शिवाय टाकत्यात, अर्ध्या बाहीचा शिवला तर चालंल का म्हनून इचारत हुत्या. मी म्हनलं, मग तू काय सांगितलंस. म्हनली, मीबी अर्ध्याच बाहीचा शिवलाय.

देव त्या पोरीचं चांगलं करू दे. माज्या पोरीचं करायच्या आदी तिचं करू दे.