आजारपणाचं पाकीट

सुराबायाच्या बंदरावर, फ्लोरेसला जाणाऱ्या जहाजाच्या तिकीट खिडकीपाशी लास्त्रीबाई रांगेत उभ्या होत्या. पुढे एक गवंडी आणि त्याची बायको. दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नये हे बाईंना कळत होतं, पण कान काही मिटता येत नाहीत.

"अगं युस्ती, इथे कशाला आणलंस? पैसे कुठेत?"

"हे बघा."

"हे तर आजारपणाचं पाकीट!"

"नुसतं वर लिहिलंय तसं. तांदळाचं, भाड्याचं, शाळेचं, सगळ्या पाकिटांत तुम्ही सिगारेटसाठी हात घालायचात. याला तरी भ्याल, म्हणून लिहिलं. नऊ वर्षं झाली तुमच्या आईला भेटून, फ्लोरेसला तिच्याकडे जायचंय आपल्याला!"

"म्हणजे तुला काही झालेलं नाही?"

"मला काय धाड भरलीय?"

"देवा रे! पाकीट फुगत होतं, तू काही बोलत नव्हतीस. मला वाटलं, मोठं दुखणं लपवतेयस."

"थांबा, थांबा. दर महिन्याला यात पन्नास हजार रुपिया जास्तच निघायचे. मी म्हणायची, माझंच मोजायला चुकतंय. ते तुम्ही टाकायचात?"

"सिगारेटचेच ते. सोडून आठ महिने झाले."

"तरीच शर्टाला वास येत नव्हता!"

"रडू नकोस गं, लोक बघतायत."

"बघू देत!"

"ओ, पुढे या!" खिडकीतली मुलगी ओरडली. "किती जण?"

"चौघं!" गवंडी तिच्याहून मोठ्याने ओरडला. "दोन मोठी, दोन पोरं, आणि आजारी कुणीच नाही!"