साडूच्या दारातली मर्सिडीज

मंडळी, कीर्तनातला गजर नंतर करू, आधी एक प्रश्न! उत्तर मोठ्यानं देऊ नका हं, मनातल्या मनात द्या. कारण खरं उत्तर चारचौघांत देण्यासारखं नाहीच! प्रश्न असा — शेजाऱ्याच्या घराला आग लागली तर आपण बादली घेऊन धावतो. धावतो ना? मग त्याच शेजाऱ्यानं पेढे वाटले, की आपल्याच घरात आग का लागते? आणि ती विझवायला कुणी का धावत नाही?

हसताय काय! त्या खांबाला टेकलेल्या काकांकडं बघा — डोळे मिटून हसतायत. म्हणजे अनुभव दांडगा आहे!

षड्रिपू सहा. त्यातल्या पाचांना काहीतरी मिळतं. कामाला घटकाभर सुख मिळतं, लोभाला पैसा मिळतो, रागावलेल्याला निदान ओरडायला तरी मिळतं! आणि सहावा? मत्सर? त्याला काय मिळतं? ठणठणगोपाळ! पदरचं खाऊन दुसऱ्याच्या नावानं जळायचं. असला आतबट्ट्याचा धंदा दुसरा नाही, आणि तरी दुकान घरोघरी!

तर ऐका. पुराणातली गोष्ट नाही, इचलकरंजीतली आहे. यंत्रमागांच्या खडखडाटात तिथं अनंत सातपुते नावाचा मोटारींचा मिस्त्री होता. गाव त्याला अण्णा म्हणायचं. गाडी गल्लीत शिरायच्या आत नुसत्या आवाजावरून सांगायचा — ‘प्लग गेलाय तिचा!’ पण माणसाला एक वेड होतं. कसलं? मर्सिडीजचं!

झालं काय, तरुणपणी कोल्हापुरात काम शिकताना एका डॉक्टरांची जुनी मर्सिडीज गॅरेजात आली. अण्णानं तिचं दार लावलं. ‘धप्प!’ बस्स, एवढाच आवाज. आपल्या गाड्यांचं दार कसं वाजतं? खडाम्! शेजारीपाजारी जागे होतात. हे नुसतं — धप्प! तो आवाज त्याच्या कानात बसला तो बसलाच.

पुढं स्वतःचं गॅरेज काढलं. बाहेर एक बाकडं टाकलं. संध्याकाळी माणसं जमायची आणि अण्णाचं मोटारपुराण सुरू व्हायचं. ‘अरे, जर्मनीत एकानं तीन चाकांची मोटार केली. पण घेतंय कोण! लोक म्हणायचे, घोडा नाही आणि म्हणे गाडी! मग त्याच्या बायकोनं काय केलं? पहाटे उठली, दोन पोरं घेतली, नवऱ्याला पत्ता लागू न देता मोटार काढली आणि निघाली माहेराला! शंभर किलोमीटर! वाटेत इंधन संपलं. पंप कुठला तवा? औषधाच्या दुकानातनं घेतलं! नळी तुंबली, तर टोपीची पिन काढून साफ केली! ब्रेक झिजले, तर मोच्याकडनं चामडं ठोकून घेतलं! आणि पोचली की!’

नवऱ्याला न सांगता माहेरी! बायांनो, आजच्या कीर्तनातलं एवढंच घरी न्याल, मला माहीत आहे!

‘पुढं दुसऱ्या एका कारखान्याच्या गाडीला एका बड्या गिऱ्हाइकानं आपल्या लेकीचं नाव दिलं — मर्सिडीज. नंतर दोन्ही कारखाने एक झाले. तिच्या नाकावरचा तीन टोकांचा तारा बघितलाय? जमीन, पाणी, आकाश! आणि ब्रीद ठाऊक आहे? उत्तम, नाहीतर काहीच नको!’

हे पुराण सगळ्यात भक्तीनं कोण ऐकायचं? अण्णाचा साडू, रावसाहेब बुगड! म्हणजे अण्णाची बायको शालन, आणि तिची धाकटी बहीण इंदू, तिचा हा नवरा. सुताला खळ लावायचा त्याचा सायझिंगचा कारखाना. माणूस साधा. गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. बावीस वर्षं एकच मारुती व्हॅन, तिचा आरसा सुतळीनं बांधलेला! पण कारखान्याला बरकत आली. आणि एका शुक्रवारी सकाळी गॅरेजच्या दारात काय येऊन उभं राहिलं? मर्सिडीज! नवी कोरी! आतून कोण उतरलं? रावसाहेब!

‘अण्णा, बघा की, मर्शिडी आणली!’

मर्शिडी! अहो, अण्णाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, नाव तरी धड घे! ज्याला तिचा सगळा वंश तोंडपाठ, त्याच्या हातात ग्रीस. आणि ज्याला नाव घेता येत नाही त्याच्या हातात किल्ली! दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत! तोंडानं अण्णा म्हणाला, ‘वा वा, झ्याक झालं!’ आणि हातानं? हातातलं फडकं करकचून पिळलं. तेवढ्यात रावसाहेबानं दार ढकललं. ‘धप्प!’ तो आवाज अण्णाच्या काळजावरच पडला.

रावसाहेब म्हणाला, ‘पूजा तुमच्या हातची, अण्णा. मग चौघं मिळून चौंडेश्वरी देवीला जाऊन येऊ.’ आता नाही कसं म्हणणार? अण्णानं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. फोडला म्हणजे काय, ठिकऱ्या केल्या! रावसाहेब म्हणतो, ‘काय जोर आहे हो अण्णांच्या हातात!’ भोळा जीव. जोर कुठून आला होता ते अण्णालाच ठाऊक.

मग शालन मीठ-मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या घेऊन आली. बहिणीची गाडी, दृष्ट काढायला नको? ‘आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, पाप्याची, चांडाळाची…’ आणि मूठ टाकली निखाऱ्यावर! तडतड तडतड! आता मिरच्या जळल्यावर काय होतं? ठसका लागतो. आणि ठसका लागला नाही तर? बायकांना विचारा! तर समजायचं, दृष्ट लागलेली होती. आणि मंडळी, कुणालाच ठसका लागेना! इंदू म्हणाली, ‘अगं बया, ताई! किती लागलीय गं! कुणाची असंल?’ शालन म्हणाली, ‘त्या समोरच्या गिरणीवाल्याची! मगापासनं दारात उभा राहून बघतोय मेला!’

बिचारा गिरणीवाला! तो वीज यायची वाट बघत उभा होता. आणि अण्णा? अण्णा खोटं खोटं खोकला! ‘ख्यॅ, ख्यॅ! लागला की ठसका!’ चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

निघाले. रावसाहेब गाडी चालवतोय, शेजारी अण्णा, मागं दोघी बहिणी. बूड टेकलं तर काय ती बैठक! अण्णाला ती बोचायला लागली. रावसाहेब घामाघूम होऊन बैलगाडीच्या वेगानं चाललेला. अण्णा मनात म्हणतोय, मी असतो तर कशी हाकली असती! मी असतो तर! मंडळी, या तीन शब्दांनी जितकी माणसं आतून करपलीत ना, तितकी तापानं करपली नसतील.

टाकी भरायची म्हणून पंपावर थांबले. रावसाहेबानं काच खाली केली आणि बावीस वर्षांच्या सवयीनं म्हणाला, ‘पेट्रोल! टाकी फुल!’

आणि गाडी होती डिझेलची!

झाकणाच्या आत लिहिलेलं होतं. पण पंपावरच्या माणसाचं लक्ष शेजारच्याशी गप्पांत. त्यानं नळी घातली. कुणी बघितलं? बाजूच्या आरशात अण्णानं बघितलं! अण्णाला ठाऊक होतं की नुसतं पेट्रोल टाकीत गेलं तर टाकी रिकामी करता येते. पण त्यावर इंजिन चालू केलं, की आतला पंप, इंजेक्टर, सगळ्यांची वाट! एक शब्द बोलायचा होता. थांबा! एवढाच.

एक मन म्हणालं, ‘बोल की!’ दुसरं म्हणालं, ‘मला कुणी विचारलंय?’ — ‘अरे, साडू आहे तुझा!’ — ‘आहे ना साडू? मग गाडी घेताना मला विचारलं का?’ — ‘इंजिन जाईल!’ — ‘जाऊ दे! मग येईल माझ्याच दारात, अण्णा वाचवा म्हणत!’ बघा, बघा कुठं पोचला माणूस! कारखान्याचं ब्रीद काय होतं? उत्तम, नाहीतर काहीच नको. आणि मत्सराचं? मला, नाहीतर कुणालाच नको!

मागं इंदू बहिणीला मिठाईचा डबा देत होती, ‘ताई, पहिला पेढा दाजींना दे गं.’ शालननं पेढा पुढं केला. अण्णानं घेतला, तोंडात टाकला. तोंडात पेढा आणि मुखात शब्द नाही! टाकी भरली. झाकण लागलं. रावसाहेबाचं बोट बटणाकडं निघालं…

‘बोट काढा!’ अण्णानं मनगटच धरलं. ‘चालू करू नका! पेट्रोल घातलंय त्यात!’

आता मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. साडूच्या मायेनं ओरडला का? नाही! तीस वर्षं जिच्यावर जीव टाकला, ती डोळ्यांदेखत मरताना बघवेना, म्हणून ओरडला. पण ओरडला. देवाला तेवढी फट पुरते.

मग काय, वरात निघाली! पुढं रावसाहेब स्टिअरिंग धरून, मागं अण्णा, शालन आणि इंदू पदर खोचून — मर्सिडीज ढकलतायत! गाव रस्त्यावर आलं. कुणी म्हणतंय, ‘अण्णा, हिला घोडा जोडा की!’ आणि गॅरेजच्या चढाला कोण धावत आला ठाऊक आहे? तोच गिरणीवाला! पिठाच्या हातांनी खांदा लावला. काळ्या गाडीवर पांढरे पंजे उठले. शालनला मान वर करवेना.

दोन तास अण्णा गाडीखाली होता. टाकी रिकामी केली, नळ्या धुतल्या. बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, ‘रावसाहेब, एक सांगतो. मी बघितलं होतं. नळी घातली तेव्हाच.’

इंदूच्या हातातला चहा तसाच राहिला. ‘दाजी!’

‘मग बोलला का नाही?’ रावसाहेबानं विचारलं.

‘जळलो,’ अण्णा म्हणाला. ‘तोंडच उघडेना.’

मग रावसाहेब हळूच म्हणाला, ‘अण्णा, मी वीस वर्षं बाकड्यावर बसून गाडीचं ऐकायला येत होतो होय? मला काय कळतंय त्यातलं! मर्शिडी म्हटलं की तुमचं तोंड कसं फुलायचं, ते बघायला यायचो. म्हटलं, आपल्याच्यानं आता होतंय, अचानक नेऊन दारात उभी करू. अण्णा चालवतील, आपण शेजारी बसू. आणि सकाळी बघतो तर काय, ते तोंडच नाही. मी घरातनं निघताना इंदूला म्हटलं होतं, आज अण्णा नाचतील.’

अहो, शिव्या दिल्या असत्या तर अण्णानं झेलल्या असत्या! हे कसं झेलायचं? तो मोठा मिस्त्री पायरीवर बसला आणि पोरासारखा रडला. रावसाहेबानं त्याच्या काळ्या हातात किल्ली ठेवली. ‘उठा. देवी वाट बघतीय. आणि मला खरंच भ्या वाटतं ओ, ही चालवायला.’

अण्णानं गाडी काढली. काय चालवली म्हणता! पण मत्सर एका दिवसात जातो का? छे! चौकात एकानं हाक मारली, ‘काय अण्णा! कुणाची गाडी?’ अण्णानं आधी नजर चुकवली. सकाळी मेला असता पण ते दोन शब्द बोलला नसता. मग काच पूर्ण खाली केली आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाला, ‘माझ्या साडूची!’

टाळ्या वाजवताय? थांबा. टाळ्या अण्णाला झाल्या, आता आपलं काय? पुतण्या भलत्या वाटेनं चाललाय, आपल्याला दिसतंय, आणि आपण म्हणतो, ‘मला कुणी विचारलंय?’ जावेच्या लेकीसाठी आलेल्या स्थळाची खोट आपल्याला ठाऊक आहे, आणि आपण साखरपुड्यात दुसऱ्यांदा जिलबी मागतो! माझंच सांगतो, लाज सोडून सांगतो. गेल्या वर्षी एका बुवांच्या कीर्तनाला मागं बसलो होतो. गर्दी माझ्या कीर्तनाच्या दुप्पट! बुवा रंगात आले, नाचता नाचता त्यांच्या उपरण्याचं टोक समईच्या ज्योतीवर आलं. मला दिसलं. आणि मंडळी, मी आधी गर्दीकडं बघितलं — मग ओरडलो.

मधे किती वेळ गेला? एक श्वास. त्या एका श्वासाचा जाब मला वर द्यायचा आहे. तुमचे किती श्वास तुंबलेत, ते तुमचं तुम्ही बघा, आणि आता ज्याच्या शेजारी बसायचं टाळून तुम्ही या कोपऱ्यात येऊन बसलात, त्याच्याकडं तोंड करून म्हणा — रामकृष्णहरी!