आधी कोणाचं लुगडं

परळच्या प्रसूतिगृहात वसंतराव लेकीला तपासणीसाठी घेऊन आले होते. समोरच्या बाकावर दोन विहिणी पिशव्या पोटाशी धरून बसल्या होत्या. लालबागच्या सुभद्राबाईंची सून, म्हणजेच खोताच्या वाडीतल्या सेवेरीनबाईंची लेक, आत बाळंत होत होती. वसंतरावांनी पेपर उघडला, पण कान तिकडेच राहिले.

“मला तर बसवतच नाही,” सुभद्राबाई म्हणाल्या. “विहीणबाई, पिशवीत नवं झबलं नाही ना आणलंत? आमच्यात जन्माआधी नवं कापड घेत नाहीत.”

“आमच्यात तरी कुठे घेतात? मी जुनं लुगडं आणलंय.”

“लुगडं? ख्रिश्चनांत?”

“मग माझी माय वसईत फ्रॉक घालून भात लावायची काय?”

“लुगडं तर मीही आणलंय. पण पहिला मान मुलाकडच्यांचा.”

“बाळ माझ्या लेकीच्या पोटातून येतंय, सुभद्राबाई.”

दार उघडून नर्स बाहेर आली.

“मुलगी झाली. दोघी छान आहेत. गुंडाळायला कापड द्या लवकर.”

दोघी उठल्या. दोन्ही लुगडी एकदमच पुढे आली.

“अहो आजी, एकच द्या.”

“सिस्टर, जरा थांबा. विहीणबाई, हे कोणाचं?”

“माझ्या मायचं. नव्वदी ओलांडून गेली. शेवटपर्यंत सुई ओवायची.”

“आमच्या सासूबाई साठीच्या आतच गेल्या हो.”

सुभद्राबाईंनी आपलं लुगडं मागे घेतलं.

“सिस्टर, ह्यांचंच घ्या. म्हातारीचं आयुष्य लागू दे पोरीला.”

“आणि ह्यांचं वरून गुंडाळा,” सेवेरीनबाई म्हणाल्या. “एसी केवढा गार ठेवलाय तुम्ही.”