जावयाचं बोनलेस

देवळीच्या मटणाच्या दुकानात रविवारची रांग होती. रुपाच्या पुढे धुरपताबाई आणि तिचा नवरा प्रेमदास उभे होते. धुरपताबाईच्या पिशवीतून त्यांच्या छोट्या कुत्र्याचं, बिट्टूचं, इवलंसं तोंड बाहेर आलं होतं. रुपानं मोबाइल कानाला लावला होता, पण फोन कोणाचाच नव्हता.

प्रेमदास सांगत होता, “मांगच्या खेपी जावयानं ताटातलं हाड टाकलं, तेच याच्या घशात अडकलं. डॉक्टर म्हने, शिजलेलं हाड सुईवानी फुटते. कच्चं द्या, तोंडापेक्षा मोठं द्या, आन समोर बसून राहा.”

“मंग आज जावयाले सांगा ना, हाड टाकू नका म्हनून.”

“मी सांगू? जावयाले?”

“सासूनं सांगावं का मंग?”

“असं करू. त्यायच्यासाठी बोनलेस घेऊ. हाडच नाई, त टाकतीन काय?”

“आन बिट्टूले?”

“एक मोठं कच्चं हाड.”

“जावयाच्या ताटात नळी नाई, आन कुत्रा त्यायच्यासमोर हाड चघळून राह्यला. पोरीच्या सासरी काय तोंड दाखवू मी?”

“डॉक्टरनं सांगतलं म्हनू.”

“काय सांगतलं?”

“जावयाले हाड देऊ नका म्हनून.”

“जनावराच्या डॉक्टरनं?”

“तेवढं तू नको सांगजो.”