कोपऱ्यातला अंगठा

फ्रेमच्या दुकानात बाई आपला नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. काउंटरवर एक लेक आणि तिची आई मोठा फोटो पसरून उभ्या होत्या. बर्फाचा डोंगर, वर गडद आभाळ. बाईंचे कान आपसूक तिकडे लागले.

"ताई, आभाळ कॉम्प्युटरवर गडद केलंय ना?" फ्रेमवाल्याने विचारलं.

"छे हो! लेन्सपुढे फिल्टर धरला होता. वर काळी, खाली साधी होत जाणारी काच. नाहीतर आभाळ पांढरंफटक येतं."

"आणि धरला कुणी? मी! अडकवायची पट्टी ही बया घरी विसरली."

"आई, झालं का सुरू?"

"खोटं आहे का? गारठ्यात नुसतं वर घे, खाली घे!"

"मी सरळ धरायला लावत होते, तर शिखरच काळं पडत होतं. तिरका हिने धरला."

"मग! डोंगर उतरता, तर काच सरळ धरून कसं चालेल?"

"बरं, कोपऱ्यात हा काळपट डाग आलाय. कापून टाकू?" फ्रेमवाल्याने विचारलं.

"काप रे बाबा. माझाच अंगठा आहे तो. प्रदर्शनात लोक हसतील हिला."

"दादा, कापायचा नाही."

"अगं, पण..."

"खाली माझं नाव येणार आहे. तुझा अंगठा तरी नको राहायला?"

आईने वाकून तो डाग जवळून बघितला.

"मग आधी सांगायचं नाही होय गं? हातमोजा तरी काढला असता!"