दोघांनी चालवायची गाडी

संदीप, युरोपात गाडी भाड्याने घ्यावी की ट्रेनने फिरावं, हे मला विचारू नकोस. मी एकदा ठरवलं होतं, आणि चुकीचं ठरवलं होतं.

बाबा पुण्याहून लंडनला, हॅरोत आमच्याकडे आले होते. बत्तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली असा आमचा बेत होता. तेव्हा फोनवर नकाशे नव्हते, आणि रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवायची मला भीती वाटायची. पण हे त्यांना कोण सांगणार?

त्यांनी एकदाच विचारलं, "गाडी घेतलीस तर दोघांना आलटूनपालटून चालवता येते का रे?"

मी म्हटलं, "बाबा, तिकडे सगळं उलटं असतं. तुम्हाला नाही जमायचं."

"बरं," म्हणाले.

दहा दिवस ट्रेनने फिरलो. मी डोंगर दाखवायचो, ते खालचा घाटरस्ता बघत बसायचे.

परत आल्यावर त्यांची बॅग भरताना तळाशी एक पुस्तिका सापडली. परदेशात गाडी चालवायचा परवाना होता तो. इकडे यायच्या आधी पुण्यात आरटीओत खेटे घालून काढलेला. फोटोत कडक इस्त्रीचा शर्ट. मी तो होता तसा कपड्यांखाली ठेवून दिला.

हीथ्रोला सोडायला निघालो तेव्हा गाडी मीच चालवत होतो. बाबा शेजारी बसले होते. टर्मिनल आल्यावर एवढंच म्हणाले, "गिअर उशिरा बदलतोस तू."